जर्मनीतली अमावस्या

परभणीच्या वाचनालयात माझ्या शेजारी बसणारा तो गृहस्थ गळ्यातलं कंपनीचं ओळखपत्र कधीच काढत नसे. कच्चा माल कधी मागवायचा, तयार माल कधी धाडायचा, हे ठरवणाऱ्या सॉफ्टवेअरची परीक्षा त्याला द्यायची होती. नापास झाला तर नोकरी जाणार होती. हे तो रोज सांगायचा आणि मला रोज पेपर मिटावा लागायचा.

सरावासाठी सॉफ्टवेअरमध्ये जर्मनीतला सायकलींचा एक नमुना कारखाना दिला होता. त्या कारखान्याच्या मालाची योजना या गृहस्थाची रोज चुकायची. शेवटी वैतागून मीच लॅपटॉपमध्ये डोकावलो. कारखान्याच्या सुट्ट्यांमध्ये त्याने रविवारांबरोबर अमावस्याही भरल्या होत्या.

"हे काय?"

"अमावस्येला मालाची गाडी कोण काढतंय, सर?"

"अहो, कारखाना जर्मनीत आहे!"

"चंद्र तर तोच हाय ना?"

मी आठवडाभर डोकेफोड केल्यावर, माझ्यावर उपकार केल्यासारखं त्याने त्या अमावस्या खोडल्या. योजना जुळली.

मग परीक्षेची तारीख आली, ती नेमकी अमावस्येची. आता हा जात नाही, म्हणून मी कपाळाला हात लावला. तो मात्र लॅपटॉप पिशवीत भरत होता.

"जातो की, सर. माल थोडाच न्यायचाय?"

त्या दिवशी वाचनालयात शांतता होती. मी पेपर उघडला, बातम्या सोडून पंचांगाचा रकाना काढला आणि अमावस्या कधी संपते ते पाहिलं. परीक्षेच्या आधीच संपत होती. मला हायसं वाटलं आणि हायसं वाटल्याचाच राग आला.