शिंग डावं की उजवं

सरकारी प्रचाराची गाडी सिनेमा दाखवायला वेल्ह्याकडच्या आमच्या गावात आली आणि आमच्या घरात महाभारत सुरू झालं. पाराजवळ पांढरं कापड ताणलं होतं. पुरुष समोर, बायका कापडाच्या मागं, अशीच रीत. मागूनही चित्र दिसतं, मग बायकांनी कुरकुर कशाला करायची म्हणे!

फिल्म शेतीची होती. कुठल्याशा बाजारात बैल चालले होते. त्यातला एक पांढरा मान हलवत पुढं गेला, तशी आई किंचाळलीच, "अगं बया, आपला बैल!"

आमचा बैल शिमग्यात चोरीला गेला होता. भाताची चिखलणी तोंडावर आलेली आणि दावणीला जोडीतला एकटाच उरलेला. एका बैलावर औत चालतं होय कुठं? चोरीच्या बैलाची खूण एकच, डावं शिंग टोकाला मोडलेलं.

आई धावत मशीनवाल्याकडं गेली. "दादा, थांबवा की जरा, नीट बघू द्या!"

"बाई, थांबवली तर फिल्म जळते," तो खेकसला. तोवर बैल गेलेसुद्धा.

घरी वडील म्हणाले, "सिनेमातल्याचं उजवं शिंग मोडलेलं. आपला न्हाई."

"डावंच व्हतं! वैरण म्या घातलीया त्याला. अवो, जावा, त्या बाजाराचा तपास काढा."

"डोळं हायती का बटणं?"

झालं! रोज तेच. डावं, उजवं, डावं, उजवं. कान किटले माझे. शेवटी गाडी नसरापूरला असल्याचं कळलं, तशी मी आईला घेऊन एसटी पकडली आणि आम्ही दोघी सरळ पुरुषांत, समोर जाऊन बसलो. लोकांनी डोळे वटारले. वटारा मेल्यांनो!

बैल आला. उजवं शिंग मोडलेलं. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. गावात आम्ही मागं बसलो होतो, आणि कापडाच्या मागून सगळं उलटं दिसतं. मी आईला ते समजावून सांगितलं.

लोकांनी गलका केला म्हणून तीच फिल्म पुन्हा लावली. आई उठून कापडाच्या मागं निघाली. मी वैतागून तिचा हात धरला. "आता कशाला? आपला न्हाई त्यो, कळलं न्हवं?"

"कळलं गं," ती म्हणाली, "पर तिकडनं आपला दिसतोय. एकदा बघून घेते."