विल्फची शेकोटी आणि थर्झाची चौकट

थर्झा रेनच्या आणि माझ्या घरात एकच भिंत आहे. तिचं धुराडं त्या बाजूला, माझं या बाजूला, दोन्ही पाठीला पाठ लावून छपरावर गेलेली. त्यामुळे त्या वसंतात तिच्याकडे काय झालं ते मला कोणी सांगायला नको. निम्मं मी कानांनी ऐकलं आणि उरलेलं फडक्यानं पुसलं.

आमच्या वेअरडेलच्या खोऱ्यात रजया शिवतात. ठिगळांच्या नाहीत, एकसंध कापडाच्या. आत लोकर, वर बारीक टाक्यांची नक्षी. नक्षी घरातल्याच वस्तूंवरून काढायची, बशी ठेवून गोल काढला, झाडाचं पान ठेवून पान काढलं. ज्या घरची नक्षी, त्या घरचं तिला नाव. शिवायला लांब लाकडी चौकट लागते आणि तिच्या दोन्ही बाजूंना बायका बसतात. गावची चौकट चॅपलमागच्या खोलीत होती. थर्झाची आई तिथे शिवायची, त्याआधी आजी. गावातली मुलगी लग्न होऊन गेली की त्या चौकटीवरची रजई तिच्याबरोबर जायची.

मग चॅपल विकलं. रविवारच्या प्रार्थनेला बाकांपेक्षा माणसं कमी, करणार काय. ईस्टरपर्यंत खोली रिकामी करायची होती. शहरातल्या संग्रहालयातल्या बाई आल्या. बाई चांगल्या होत्या. चौकट आम्ही काचेआड नीट जपू, म्हणाल्या, तिला कोणी हातसुद्धा लावणार नाही.

"तीच तर भीती आहे," थर्झा म्हणाली, आणि चौकट आपल्या घरच्या पुढच्या खोलीत येईल असं सगळ्यांसमोर सांगून मोकळी झाली.

आता पुढच्या खोलीत होती विल्फची शेकोटी. विल्फ तिचा नवरा, जन्मभर दगडाच्या खाणीत राबलेला. लग्नानंतर दोनेक वर्षांत त्यानं स्वतः निवडलेले दगड आणून भिंतीतून पुढे आलेल्या धुराड्याच्या पोटावर ते चढवले होते. विस्तवावर सात दगडांची कमान, त्यावर पाटीच्या दगडाची फळी. सगळी गल्ली बघायला आली होती म्हणे. खरं सांगायचं तर एवढ्याशा खोलीत किल्ल्याचा दरवाजा बसवावा तशी ती दिसायची. पण हे विल्फला सांगणार कोण. थर्झा दर शनिवारी ती पुसायची आणि चांगलं की वाईट, एक अक्षर बोलायची नाही.

चौकट आणून लावली. लांबीत बसली. खिडकीकडच्या बायका आरामात बसल्या, पण भिंतीकडच्या रांगेत मधल्या दोघींना गुडघे ठेवायला जागा नाही. पाठीशी ते पोट. आणि मधली नक्षी तर मधे बसणारीच्याच हाताखाली येते. विल्फची शेकोटी राहिली तर चौकट जाणार आणि आमचं बसणंही मोडणार, हे त्या दिवशी सगळ्यांना कळलं.

थर्झानं जेवताना नवऱ्याला सांगितलं, हे पोट काढावं लागेल. त्यानं काटा खाली ठेवला आणि तो मागे लीकच्या, त्या जाड कांदापातीसारख्या भाजीच्या, वाफ्यात निघून गेला. गावच्या प्रदर्शनात त्याच्या लीकला दरवर्षी बक्षीस असतं. आठवडाभर तो बोलला ते त्या लीकशीच. मी थर्झाला म्हटलं, जाऊ दे, म्हातारपणी घरात कशाला भांडण, दे संग्रहालयाला. तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी चहा अर्धा टाकून घरी आले.

रविवारी तिनं भिंतीकडच्या मधल्या जागी खुर्ची ठेवली आणि विल्फला तिथं बसायला लावलं. हातात सुई दिली आणि आपण स्वयंपाकघरात गेली. पुढून चौकट पोटात, मागून त्याचीच फळी पाठीत. बिचाऱ्याला धड श्वास घेता येईना. ती परत आली तेव्हा त्यानं एवढंच विचारलं, "नुसते माझे दगड काढले तर?"

"चार बोटं जागा मिळेल."

त्यानं सुई तिच्या हातात परत दिली आणि म्हणाला, "तर मागच्या विटाही काढ. अर्धवट काम या घरात आजवर झालेलं नाही."

कॉलिन टॅलेन्टायर गवंडी आला. वरच्या खोलीतलं पोट आणि छपरावरचं धुराडं राहणार होतं. ते सगळं ओझं आधी लोखंडी तुळईवर घ्यायचं, मगच खालच्या विटांना हात लावायचा. कौन्सिलचा माणूस तपासून गेला. भिंत सामाईक म्हणून माझीही सही लागली. सही करताना मी विल्फला म्हटलं, माझ्या भिंतीला तडा गेला तर तुझ्या बक्षिसाच्या लीकचं सूप करीन. तो म्हणाला, "कर. पण मीठ कमी घाल, तुझा हात सैल आहे."

काम सुरू व्हायच्या आदल्या दिवशी मी मोजपट्टी परत द्यायला गेले, तर थर्झा शेकोटीवर मोठा तपकिरी कागद दाबून उभी. तोंडात पेन्सिल. विचारलं तर म्हणाली, धूळ उडू नये म्हणून. मला खरं वाटलं.

दगड विल्फनं स्वतः काढले, कॉलिनला हात लावू दिला नाही. विटा निघायला लागल्या तशी थर्झानं बाह्या वर केल्या. सत्तरी ओलांडलेली बाई, बादल्या भरभरून रस्त्यावर नेत होती. माझ्या शेकोटीतून काजळीचा लोट आला आणि धुतलेले पडदे काळे करून गेला. मी तणतणत तिच्याकडे गेले. ती काजळीनं माखून तुळईखाली उभी होती आणि वर बघत होती. पडदे विसरले मी. अशी बाई माझी शेजारीण आहे याचा मला त्या वेळी फार अभिमान वाटला. माझ्या भिंतीला केसाएवढाही तडा गेला नाही, हेही सांगायला हवं.

ईस्टरच्या आदल्या आठवड्यात आम्ही बसलो. दोन्हीकडे पुरत्या रांगा. भिंतीकडे मधोमध मी, ओल्या गिलाव्याचा वास घेत. थर्झानं नवं कापड उलगडलं. मधली नक्षी तिनं निळ्या पेन्सिलीनं आधीच काढून ठेवली होती. सात पाकळ्या, पंख्यासारख्या फाकलेल्या. कोणाच्या घरची ही नक्षी, असं एकमेकींना विचारेपर्यंत माझ्या डोळ्यांपुढे तो तपकिरी कागद आला.

विल्फ टोपी हातात घेऊन दारात उभा होता. तो पुढे आला, वाकला आणि जाडजूड बोट एका पाकळीवर ठेवलं.

"हा तिसरा दगड वाकडा आलाय."

"वाकडाच होता," थर्झा म्हणाली. "चाळीस वर्षं पुसलाय मी."

त्यानं खुर्ची ओढली, चष्मा चढवला आणि आमच्या सुयांत दोरे ओवायला बसला. पहिली सुई त्यानं मला दिली.

"वाकडाच शिव," म्हणाला. "सरळ करायला जाऊ नकोस."