एक्केचाळीस सेकंदांचं गणित

मागच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर धाकटा वैतागला, "आजी, तुझं नेट किती स्लो आहे!" चित्र दोन सेकंद गोठलं होतं, एवढंच. तेव्हापासून तुम्हा दोघांना हे लिहून पाठवायचं मनात आहे.

ताई, तू तेव्हा चार महिन्यांची होतीस. तुझ्या आईने अमेरिकेहून तुझ्या हसण्याचं रेकॉर्डिंग ईमेलने पाठवलं होतं. फोटो आधीच आले होते, पण माझ्या आईला, म्हणजे तुमच्या पणजीला, त्यांचा काही उपयोग नव्हता. काचबिंदूने तिची नजर गेली होती. ती खडवलीला माझ्या भावाकडे राहायची. तिथे फोन नव्हता. मी गेले की पहिला प्रश्न ठरलेला, "पोरीचा आवाज कसा गं?" मला तरी कुठे माहीत होता! आम्ही फोन करायचो रविवारी सकाळी. तेव्हा तिकडे रात्र असायची आणि तू झोपलेली असायचीस.

म्हणून एका सोमवारी आजोबा पणजीला आमच्या कोपरच्या घरी घेऊन आले. अट एकच होती, दिवेलागणीच्या आत खडवलीला परत. डोळे गेले तरी देवापुढचा दिवा ती चाचपून स्वतःच लावायची. त्यासाठी चार वाजताची कसारा गाडी गाठायची होती. आणि सोमवारी आमच्याकडे तीन ते सहा भारनियमन. वेळापत्रक फ्रिजवर चिकटवलेलंच होतं.

मी आदल्या दिवशी वहीत गणित मांडलं. फाइल तेवीसशे केबी. फोनच्या लाइनवर चालणारा मॉडेम छप्पन्नचा, म्हणजे सेकंदाला छप्पन्न. तेवीसशे भागिले छप्पन्न, एक्केचाळीस सेकंद. मग घाई कशाला? आधी वालाचं बिरडं आणि भात, मग तिची थोडी वामकुक्षी, मग बाळ. पावणेतीनला लाइन जोडली. मॉडेम किंचाळला, खरखरला. पणजी दचकली.

"काय झालं गं त्याला?"

"काही नाही आई, पलीकडच्या यंत्राशी बोलतोय."

"भांडतोय म्हण की."

पडद्यावरची निळी पट्टी हलेना. एक मिनिट गेलं, दोन गेली. आजोबांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "बाई, तुमचे एक्केचाळीस सेकंद फार लांबले!"

मी वही उघडली. संगणक बसवून देणाऱ्या माणसाने सांगितलेलं माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं. मॉडेम छप्पन्नचा असला तरी संगणकाच्या मागचा, मॉडेमची तार खोचायचा पोर्ट जुना आहे, वेग एकोणीस हजार दोनशेच्या वर ठेवू नका, अक्षरं गळतात. नीट समास सोडून मी ते टिपून घेतलं होतं आणि विसरून गेले होते. त्याहून मोठी चूक वेगळीच होती. मॉडेमचा आणि पोर्टचा वेग बिटांत मोजतात, फाइल बाइटांत. एका बाइटात आठ बिट. शिवाय त्या जुन्या पोर्टच्या तारेतून जाताना प्रत्येक बाइटच्या पुढे एक आणि मागे एक बिट लागतो, म्हणजे दहा. एकोणीस हजार दोनशेचं एक शून्य खोडलं की उरले सेकंदाला एकोणीसशे वीस बाइट, म्हणजे जेमतेम दोन केबी. वीस मिनिटं लागणार होती. म्हणजे तीन वाजून पाच मिनिटांपर्यंत, आणि वीज जायची होती तीनला.

शाळेत तीस वर्षं मी एकक न लिहिणाऱ्या मुलांचे मार्क कापले. सेंटिमीटर की मीटर, ग्रॅम की किलो, ते लिही आधी, असं ओरडत आले. आणि स्वतः बिटाने बाइटला भागून मोकळी झाले होते.

"कधीकधी लाइट दहा मिनिटं उशिरा जाते," आजोबा म्हणाले. आता ते चिडवत नव्हते.

पणजी खुर्चीच्या कडेवर बसली होती, कान संगणकाकडे लावून. "आलं का?" दर थोड्या वेळाने विचारायची. मी म्हणायची, "येतंय." पट्टी पाऊणच्या आसपास पोचली होती. बरोबर तीनला पंखा थांबला आणि पडदा काळा झाला.

"आलं का?"

आजोबांनी सांगितलं, "आई, वीज गेली. चूक आमचीच. आधी लावायला हवं होतं."

"असू दे हो जावईबापू," ती म्हणाली आणि पदर नीट करून चपला शोधायला उठली. मला तेच फार लागलं. रागावली असती तर बरं झालं असतं.

एवढ्यात फोन वाजला. वीज गेली की मॉडेम बंद, मॉडेम बंद की फोनची लाइन मोकळी. पलीकडे तुमची आई होती; आजचा बेत तिला रविवारच्या फोनवर सांगितला होता. "आई, कधीपासून लावतेय, सारखा एंगेज्ड! आजीने ऐकलं का हसू?"

"नाही गं," एवढंच म्हणाले, आणि मागून तुझं रडणं ऐकू आलं. तिकडे पहाट होती, तू जागी होतीस. मी रिसीव्हर पणजीच्या कानाला लावला.

ती मान तिरकी करून ऐकत राहिली. चेहरा हळूहळू सैल होत गेला. मी उगाच म्हणाले, "आई, हसत नाहीये गं, रडतेय."

"तू गप गं. ऐकू दे." मग फोनमध्ये म्हणाली, "अगं, भुकेलीय ती. मला काय ऐकवत बसलीस! ठेव फोन आणि आधी तिला घे." आणि इतके महिने ज्यासाठी थांबली होती, तो आवाज तिने स्वतःच बंद केला. हाताने चाचपत रिसीव्हर जागेवर ठेवला.

तुझं हसू दुसऱ्या दिवशी उतरलं, वीस मिनिटं आणि वर थोडी घेऊन. पुढच्या खेपेला पणजीने तेही ऐकलं, दोनदा. पण त्या सोमवारी रिक्षात बसताना ती आजोबांना सांगत होती, "पोरीचं नाक चोंदलंय. कळवा तिच्या आईला."

मी ईमेल केला. तुझ्या आईचं उत्तर आलं, हो, कालपासून सर्दी आहे, पण तुम्हाला कोणी सांगितलं?