टोपलीखालचं पीठ

आईनं जिथं प्राण सोडला, तिथं मी आज ज्वारीचं पीठ पसरलं आणि वर टोपली पालथी घातली. पिठाच्या त्या उबट वासानं वडील गेले तो दिवस तीस वर्षांनी पुन्हा समोर आला.

तेव्हा पीठ वळसंगच्या आत्यानं पसरलं होतं. "दादा कशाच्या जन्माला गेला, ते उद्या ठशावरनं कळंल की."

"आत्या, काही उमटत नसतं."

"तुझी पुस्तकं ऱ्हाऊ दे तिकडं!"

वडिलांनीच दिलेली एक कादंबरी मी तेव्हा वाचत होतो. आभाळातून कुणी उत्तर देत नाही, अर्थ आपला आपणच करायचा, हे तिच्या नायकाला कळून चुकतं. मलाही ते पटलं होतं. पण आई अन्नाला न शिवता त्या टोपलीकडे बघत बसली होती.

सकाळी सगळ्यांच्या आधी मी टोपली उचलली. पीठ कोरं होतं. मी बोटांनी पाखराचा एक पाय उमटवला आणि टोपली पुन्हा ठेवली.

आत्यानं ती उचलली तेव्हा पाय दोन होते.

"पाखरू झाला गं वैनी!"

आईनं माझ्याकडे पाहिलं, आणि मग पहिला घास घेतला. दुसरा पाय तिनंच माझ्यासाठी काढला असेल, अशी मी समजूत करून घेतली. विचारलं कधीच नाही.

आता घरात मी एकटाच आहे. उद्या पीठ कोरं निघालं, तर एक पाय काढीन, टोपली ठेवीन, आणि थोड्या वेळानं पुन्हा उचलून बघीन.