आधी दाखवलेला काटा

माझं शिक्षण चौथीपर्यंतच झालंय. लिहिताना चुका होतील, अक्षरही वेडंवाकडं आहे, तेवढं सांभाळून घ्यावं.

येलदरी धरणाचे मासे मी आठवडी बाजारात विकते. एकदा एक गिऱ्हाईक बाई सगळ्यांसमोर ओरडली, "काटा मारतीस व्हय गं? घरी मोजलं तर किलो भरंना!" माणसं जमली.

बाजारात काटे दुरुस्त करणारा एक माणूस होता. कुणीतरी त्याला बोलावून आणलं. माझ्या इलेक्ट्रॉनिक काट्याचे पाय फिरवून त्यानं तो सपाट बसवला. वारा लागू नये म्हणून छत्री आडवी धरली. किलोचं पितळी वजन फडक्यातच धरून बाहेर काढलं. मग वाकून हळूच म्हणाला, "मावशी, आदी दुरुस्त करू का आदी सगळ्यांना दावू? दुरुस्त केल्यावर कुणाला काई कळणार न्हाई."

माझं पोट त्याच बाजारावर होतं. तरी मी म्हणाले, "आदी दावा."

त्यानं किलोचं वजन ठेवलं, तर काट्यानं एक किलो चाळीस ग्रॅम दाखवलं.

"बगा! म्हनलं नव्हतं?" बाई म्हणाली.

"अक्का, आत बर्फाचं पाणी गेलंय," तो म्हणाला. "हिला चोरायचंच असतं तर दावू दिलं असतं का?"

त्यानं काटा उघडून पुसला, वजन ठेवून बटण दाबलं आणि आकडा बरोबर येईपर्यंत श्वास धरून बसला.

तो पुन्हा दिसला नाही. ज्यांना माल कमी गेला, त्यांचे पैसे मी दर बाजारी थोडे थोडे दिले. त्या बाईचे तेवढे राहिले होते. काल तेही फिटले.