गाडीला लावलेली दिवटी

त्या वर्षी मी खंडोबावर रुसलो होतो, आणि रुसलोय हे त्याला तोंडावर सांगूनही टाकलं होतं. आमच्या पोटी आलेली दोन लेकरं जगाचा उजेड न बघताच गेली होती. दर वेळी मी माळेगावला त्याच्या जत्रेत जाऊन भंडारा उधळला, नवस बोललो, आणि दर वेळी सुमन रिकाम्या हातानं बाळंतपणातून उठली. लातूर नवा जिल्हा झाला तेव्हा आमच्या गावात पेढे वाटले होते, पण पावसाला त्याचं काय! विहिरी तळाला गेल्या, टँकर आला तर आला. तिसऱ्या खेपेला सुमनला दिवस गेले तेव्हा मी देव्हाऱ्यासमोर उभा राहून म्हणालो, "आता नारळ न्हाई, भंडारा न्हाई. लेकरू दे, मग बोलू." असा कसला मी भक्त! पण डोक्यात दुसरं काही नव्हतंच. उठता बसता एकच, लेकरू.

पोटापाण्याला माझ्याकडे एक जुनी डिझेल गाडी होती. उदगीरहून स्वस्तात आणलेली, मूळची पेट्रोलची, आधीच्या मालकानं तिच्यात कुठलं तरी डिझेलचं इंजिन बसवून घेतलेलं. अहमदपूरच्या स्टँडवरून सवाऱ्या मारायचो. उन्हाळ्यात ती शहाण्यासारखी चालायची, थंडी पडली की हटून बसायची. मग तिचे लाड सुरू. संध्याकाळी रेडिएटरमधलं पाणी घागरीत काढून ठेवायचं, पहाटे चुलीवर कढवून परत ओतायचं, म्हणजे इंजिन जरा ऊब धरतं. बॅटरी काढून चुलीजवळ गोधडीत गुंडाळायची. गाडी लावायची ती मारुतीच्या देवळाजवळच्या उतारावरच. सुमन म्हणायची, "बाळंतपण माझं हाय का गाडीचं? गोधडी तिला, ऊन पाणी तिला. सवत बरी की ओ याच्यापरीस!" तिची जीभ अशीच तिखट होती आणि मला ती ऐकायला आवडायची.

मार्गशीर्षातल्या त्या पहाटे थंडीनं हातपाय आकडले होते. सुमनच्या कळा सुरू झाल्या म्हणून मी गल्लीतल्या गिरजाकाकूला बोलावलं. अर्ध्या गावाची सुईण ती. मी चुलीवर गाडीचं पाणी ठेवलं आणि बॅटरी जोडायला बाहेर गेलो. परत आलो तर काकू दारात उभी, तोंड उतरलेलं. "बाबा, लेकरू आडवं हाय. हे माझ्या हातचं काम न्हाई. लातूरला न्या, उशीर करू नका." मी चुलीकडे धावलो. पातेलं रिकामं! काकूनं त्या पाण्यानं हात धुतले होते, फडकी पिळली होती, सुमनची कंबर शेकली होती. "चुलीवर पाणी कढून राहिलं होतं, बाळंतिणीचंच असंल म्हणलं मी," ती म्हणाली. तिचं काय चुकलं? बाळंतपणाच्या घरात चुलीवरचं पाणी आणखी कुणाचं असणार? गाडीसाठी पाणी कढवणारं घर गावात आमचं एकच होतं.

घरात प्यायलासुद्धा थेंब नव्हता. मी वेड्यासारखा गल्लीत ओरडलो. आणि दारं उघडली. ज्या बाया टँकरच्या रांगेत एका कळशीवरून एकमेकींच्या झिंज्या धरायच्या, त्या तांब्या घेऊन बाहेर आल्या. कुणी अर्धा आणला, कुणी तळातला गाळासकट. एकीनंही विचारलं नाही की परत कधी देणार. रेडिएटर भरला, पण गार पाण्यानं. काकूनं सुमनला मागच्या सीटवर टेकवलं, स्वतः तिच्या पायाशी बसली. किल्ली फिरवली. इंजिन कण्हलं आणि थांबलं. पुन्हा फिरवली, पुन्हा तेच. बॅटरी बसली. गडी माणसांनी उतारावरून ढकलली. गाडी गचके देत, पांढरा धूर सोडत खाली आली आणि डांबरी रस्त्यावर सपाटीला जाऊन गप्प उभी राहिली. उतार संपला होता. माझ्याकडे आता काहीच उरलं नव्हतं.

एक उपाय आम्हा डिझेलवाल्यांना ठाऊक असतो. इंजिन जिथून हवा ओढतं त्या तोंडाशी जाळ धरायचा, म्हणजे ऊन हवा आत जाते. मी काठीला चिंधी बांधली, डिझेलमध्ये बुडवली, पेटवली. वाऱ्यानं विझवली. पुन्हा पेटवली, पुन्हा विझली. मागून सुमनचं ओरडणं बारीक होत चाललं होतं. मी रस्त्यावर मटकन बसलो आणि देवाला शिव्या घातल्या. खोटं कशाला सांगू, आईबहिणीवरून घातल्या.

तेवढ्यात घंटीचा आवाज आला. माळेगावच्या जत्रेला निघालेला एक म्हातारा वाघ्या, गळ्यात भंडाऱ्याची पिशवी, अंधारात वाट दिसावी म्हणून हातात पेटती दिवटी. त्यानं गाडीत डोकावून बघितलं, माझ्या हातातली विझलेली चिंधी बघितली. "कुठं धरायचा जाळ?" त्यानं विचारलं.

"बाबा, देवाची दिवटी हाय ती. इंजिनाला कशी लावायची?"

"मग काय शोभेला मिरवून राहिलो का? ऊठ. बस गाडीत."

त्यानं बुधलीतलं तेल दिवटीवर ओतलं. ती वाऱ्याला दाद देणारी चीजच नव्हती. बॉनेट उघडं, फिल्टरचं झाकण काढलेलं, म्हातारा चाकाशेजारून चालत हवेच्या तोंडाशी दिवटी धरतोय, मागून गडी ढकलतायत, आणि मी स्टेअरिंगवर. समोर नुसतं उभं बॉनेट, रस्ता दिसत नव्हता. "उजवीकडं. सरळ. आता सरळ जाऊ दे," वाघ्या सांगत होता. मी वळवत होतो. आयुष्यात पहिल्यांदा मी माझं काही न चालवता त्याचं ऐकत होतो, आणि खरं सांगतो, छातीवरचा धोंडा त्या वेळी जरा हलका झाला. "सोड आता!" म्हातारा ओरडला. मी क्लच सोडला. इंजिन खोकलं, काळा धूर ओकलं आणि धडधडायला लागलं. काकू मागं रडायला लागली. वाघ्यानं बॉनेट आपटलं, खिडकीतून सुमनच्या कपाळाला भंडारा लावला आणि म्हणाला, "जा. बंद पडू देऊ नको." त्याचं नाव विचारायचंही मला सुचलं नाही. तो माळेगावच्या वाटेला लागला आणि मी लातूरच्या. सगळ्या वाटेत मी पुटपुटत होतो, लेकरू वाचव, देवा, लेकरू वाचव.

लेकरू वाचलं नाही. मुलगी होती. ती पोटातच गेली होती, आम्ही पोचायच्या किती तरी आधी, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मी भिंतीला टेकून उभा राहिलो. एवढं सगळं कशाला मग? गल्लीचं पाणी, दिवटी, घंटी, कशाला? मला आता शिवी आठवेना आणि नामही आठवेना. तेवढ्यात बाई म्हणाल्या, "अजून थोडा वेळ गेला असता तर ही बाईही हाती लागली नसती. बसा तिच्याजवळ."

सुमन दुपारी शुद्धीवर आली. माझ्या तोंडाकडे बघूनच तिला कळलं. तिनं डोळे मिटले, पाणी उशीवर ओघळलं. मग माझा हात ओढून घेत म्हणाली, "तुमी जेवलात का काही?" एवढी तिखट बाई, आणि पोटचं तिसरं गमावून मला जेवणाचं विचारत होती. मी तिच्या उशाशी डोकं टेकून पोरासारखा रडलो. ती आहे, बोलतेय, हात ऊन आहे तिचा. त्या दुपारपासून मी देवाकडे काही मागत नाही, जे समोर ठेवील त्याला हात जोडतो. त्या दिवशी मात्र तोंडातून एवढंच निघालं, "खंडेराया, हिला तर मी मागितलंच नव्हतं रे."