दरसालचा कडता

“मॅडम, हा आकार म्हंजे गोल का चौकोनी?”

इंगळेभाऊ माझ्या टेबलासमोर उभे होते. हातात नव्या पेन्शन योजनेचं माहितीपत्रक, हातावर बॉयलरची काजळी. त्यांचं बोट ज्या ओळीवर होतं तिथं छापलं होतं, ‘निधी व्यवस्थापन आकार’.

मी हसले. मग ती ओळ स्वतः वाचली आणि हसू जागच्या जागी राहिलं, कारण मलाही ती धड समजली नव्हती.

खामगावच्या एका डाळ मिलमध्ये मी पर्सोनेल ऑफिसर होते. पगार, रजा, पीएफ, कोण कोणाशी भांडलं, सगळं माझ्याच टेबलावर यायचं. ही योजना लोकांच्या गळी उतरवायचं कामही छोट्या शेठनी माझ्याच गळ्यात मारलं होतं. शनिवारपर्यंत चाळीस फॉर्म भरून हवे होते. तो दिवस बुधवार. माझा स्वतःचा फॉर्म अजून कोराच होता.

योजना अशी होती. आपण महिन्याला हजार रुपये टाकायचे, कंपनी वरून पाचशे टाकणार. पैसे निवृत्तीला, म्हणजे अठ्ठावन्नाव्या वर्षी हातात. आपला नेहमीचा पीएफ वेगळा, हे त्याच्या वरचं. पैसे सांभाळल्याबद्दल विमा कंपनी तीन टक्के कापणार. त्यालाच कागदावर आकार म्हणतात. साध्या भाषेत फी.

“मंग कडता म्हना नं सीधा,” इंगळेभाऊ म्हणाले.

कडता आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतो. तूर मिलवर आली की लॅबमध्ये तिचा ओलावा मोजतात. ओली निघाली तर क्विंटलमागे दोन-तीन किलो वजनातून कमी करतात आणि उरलेल्या वजनाचे पैसे देतात. हा कमी केलेला भाग म्हणजे कडता.

“मले नाई पायजे हे,” त्यांनी कागद टेबलावर ठेवला. “माहे तीनच वर्सं राह्यले. तीन वर्सात काय पिकते? अन् त्याच्यातई कडता! जवान पोट्ट्यायले द्या.”

मला वाईट वाटलं. निवृत्तीनंतर पिंपळगाव राजाला, आपल्या गावी, पिठाची चक्की टाकायची हे या माणसाचं दोन वर्षांपासूनचं वेड होतं. जागा घरची होती. जुनी चक्कीही हेरून ठेवली होती. मोटरपुरते पैसे तेवढे कमी पडत होते. डब्यातली पोळी खाताना सुद्धा ते पीठ जाड आहे की बारीक, हेच बोलायचे.

ते गेले आणि वैष्णवी आली. ही आमच्या लॅबमधली, वय चोवीस, गाव सोनाळा. ओलावा मोजायचं मीटर हिच्याच हातात, त्यामुळे कडता किती हे हीच सांगायची. तिनं फॉर्म भरून आणला होता. हजार नाही, चांगले दोन हजार.

“कंपनी तर पाचशेच देणार आहे. मग दोन हजार काऊन?” मी विचारलं.

“एजंट म्हणे, जितकं लवकर अन् जितकं जास्त, तितकं चांगलं. मले चौतीस वर्सं आहेत मॅडम.”

“आणि कडता?”

“तीन टक्के तं हाय. चौतीस वर्सात तीन टक्क्याचं काय वाटते?”

माझी एक खोड आहे. एखादी गोष्ट सगळ्यांनाच सोपी वाटायला लागली की मला चैन पडत नाही. माझे यजमान याला किडा म्हणतात. असेल किडा. मी माहितीपत्रक पहिल्यापासून वाचायला घेतलं. अकराव्या पानावर, मुंगीएवढ्या अक्षरात, सापडलं: ‘एकूण निधीवर, प्रतिवर्षी’.

मी एजंटला फोन लावला.

“हे तीन टक्के या वर्षी भरलेल्या पैशांवर, की जमलेल्या सगळ्या पैशांवर?”

“सगळ्यावर मॅडम. स्टँडर्ड आहे.”

“म्हणजे गेल्या वर्षी ज्या पैशातून कापले, त्याच पैशातून यंदा पुन्हा?”

“मॅडम, तुम्ही फार खोलात जाता.”

“पगार त्याचाच मिळतो मला. अजून एक. आता नाही म्हटलं तर नंतर येता येतं का?”

“येतं. दर एप्रिलला. पण तसं आम्ही सहसा सांगत नाही.”

आता माझ्या लक्षात आलं की आख्खी मिल कुठं चुकत होती. आमच्याकडे कडता म्हटलं की एकदाच. काट्यावर एकदा कापला की विषय संपला. कोणी शेतकऱ्याच्या घरी दरसाल जाऊन त्याच तुरीतून पुन्हा कापत नाही. त्यामुळे तीन टक्के ऐकून सगळ्यांनी तोच हिशेब धरला. पण बोलून कोणाला पटवणार? टक्के म्हटले की लोक माना डोलवतात आणि जेवायला जातात.

गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत मी दोघांना लॅबमध्ये बोलावलं. लॅबचा काटा पॉइंटच्या पुढचंही वजन दाखवतो. मी वैष्णवीला दीडशे ग्रॅम तूर ताटलीत घ्यायला सांगितली.

“यातली शंभर तुझी, पन्नास कंपनीची. आता यातून तीन टक्के काढ. हे झालं एक वर्ष. मग जेवढी उरली तिच्यातून पुन्हा तीन टक्के. असं चौतीस वेळा.”

“अन् वाढ कुठं गेली?” इंगळेभाऊ म्हणाले. पक्का माणूस! चक्की चालवायच्या लायकीचा.

“पैसे पीएफमध्ये जादा टाकले तरी वाढतात, इथंही वाढतात. वाढ दोन्हीकडे सारखी धरू. तिथं कडता नाही आणि कंपनीचे पन्नासही नाहीत. शंभरचे शंभर. आपल्याला फक्त हे पाहायचंय की इथं शंभराच्या वर राहतं का खाली.”

वैष्णवी काढायला लागली. कॅल्क्युलेटरवर आकडा, चिमटीत दाणे, काट्यावर नजर. तिसऱ्या वेळी मी तिला थांबवलं.

“किती?”

“एकशे छत्तीस पॉइंट नऊ.”

“इंगळेभाऊ, हे तुमचं. तीन वर्षं. शंभर टाकून एकशे छत्तीसच्या वर.”

त्यांनी काट्यात डोकं घातलं. “आँ? कडता जाऊन?”

“कडता जाऊन. तुमच्या पैशावर तो तीनदाच बसणार. कंपनीचे पन्नास मात्र वरून मिळणार.”

“अन् मी येडा, नाई म्हनून राह्यलो होतो!” ते स्टुलावर बसले. “मोटर येते की हो यात!”

वैष्णवी थांबली नव्हती. तेराव्या वेळी काटा एकशे एकच्या जवळ होता. चौदाव्याला शंभराच्या खाली उतरला. ती काढतच राहिली. दुसऱ्या ताटलीतला काढलेल्या तुरीचा ढीग पहिल्यापेक्षा मोठा दिसायला लागला. चौतिसाव्या वेळी तिनं दाणे ठेवले आणि काट्याकडे बोट केलं. त्रेपन्न.

“म्हंजे मी आज टाकलेला रुपया, अन् वरून कंपनीचे आठ आणे, शेवटी त्याचे त्रेपन्न पैसे?” तिचा आवाज चढला होता. “अन् जादाच्या हजारावर तं कंपनीचे आठ आणेई नाईत!”

“त्याचे तर छत्तीस पैसेही नाहीत.”

“हरामखोर!” असं म्हणून तिनं जीभ चावली, कारण दारात छोटे शेठ उभे होते.

ते केव्हा आले कोणालाच कळलं नव्हतं. मी मनातल्या मनात राजीनामा लिहायला घेतला. शेठ ताटल्यांपाशी आले. खानदानी तुरीचा माणूस. आधी एका ताटलीतली मूठभर तूर हातावर घेतली, मग दुसरीतली.

“ही सुकी हाय का?”

“हाव शेठ, एकदम सुकी,” वैष्णवी म्हणाली.

“मंग कडता काऊन?”

मी त्यांना अकरावं पान दाखवलं. त्यांनी दोनदा वाचलं. कंपनीचे पाचशे त्यांच्याच खिशातून जाणार होते, हे आठवलं असावं, कारण एकदम भडकले.

“मॅडम, आपण ओलावा मोजून कडता लावतो, तरी लोक आपल्याले शिव्या देतात. हा माणूस सुक्या मालावर कडता घेते, अन् दरसाल घेते? लगाओ फोन उसको!”

फोनवर बरंच झालं. ते इथं लिहिण्यासारखं नाही. तीनाचे दीड टक्के करता येतील का, हे हेड ऑफिसला विचारून सांगतो, असं एजंट म्हणाला. अजून तो विचारतोच आहे.

ताटल्यांचा हिशेब मिलभर झाला. शनिवारी माझ्याकडे पंधराच फॉर्म आले, सगळे पंचेचाळिशीच्या पुढचे, म्हणजे ज्यांच्यावर कडता तेरापेक्षा जास्त वेळा बसणार नव्हता. हजाराच्या वर एकानंही भरले नव्हते, कारण वरच्या पैशाला कंपनीची जोड नव्हती, नुसता कडता होता. मलाही बाराच वर्षं उरली होती, म्हणून माझाही फॉर्म त्यात होता. वैष्णवीनं आपला फाडला आणि जादाचे पैसे पीएफमध्ये वळवून घेतले. पंचेचाळिशीत एप्रिल महिना बघून येईन म्हणाली. तोवर ती या मिलमध्ये राहणार नाही हे तिलाही ठाऊक होतं आणि मलाही. दोन वर्षांत ती अकोल्याला गेली.

तेव्हापासून मला एक सवय लागली. कोणी कापणार म्हटलं की लोक विचारतात, किती. मी आधी विचारते, कितीदा.

परवा जानेफळला बहिणीकडे जाऊन आले, तिनं दहा किलो गहू दिले. इंगळेभाऊंच्या चक्कीत दळायचे म्हणून मुद्दाम वाट वाकडी करून पिंपळगाव राजाला नेले. मोटर झकास आवाज करत होती. आता त्यांच्या हातावर काजळी नव्हती, भुवयांपर्यंत पीठ होतं. दळून झाल्यावर त्यांनी पीठ काट्यावर ठेवलं. थोडं कमी भरलं. मी काही बोलायच्या आत त्यांनी भिंतीकडे हात केला. खडूनं लिहिलं होतं:

‘घट एकदाच. पीठ घरी नेल्यावर आम्ही मागायला येणार नाही.’